पाण्यातली वस्ती

९ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसणार नाही. कागद संपतो.

तुझं खोकं काल आलं. दोन माणसांनी धापा टाकत उचलून आणलं, दारात ठेवलं आणि सही घेऊन पळाले. मला वाटलं, सुनेनं म्हातारीसाठी काहीतरी उपयोगाचं पाठवलं. उघडते तर काच. दोन फुटी काचेची टाकी, एक दिवा, एक काळा पंप, एका पिशवीत माती, दुसरीत खडी, आणि औषधाच्या दुकानात असतात तशा चार बाटल्या. लोक मासे पाठवतात, तू माशांचं रिकामं घर पाठवलंस.

फोनवर विचारलं असतं, पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुझ्या भिंगरीला. दोन खोल्यांच्या घरात कुठल्या कोपऱ्यात जाऊन बोलणार? म्हणून पत्र. चौथीपर्यंत शाळेत गेले त्याचा आता उपयोग होतोय.

तुझ्या लेकीचं म्हणशील तर खाते, शाळेत जाते, नखं खाते. तू नोव्हेंबरात त्या पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला गेलीस त्याला तीन महिने झाले. पोर नऊ वर्षांची, हट्ट माझ्या वयाचा. तुझा फोन वाजला की मोरीत जाऊन बसते आणि तू ठेवलास की बाहेर येते. तू तिला वेगळं पत्र धाडलंस ते तिनं न फोडता माझ्या मांडीवर आणून ठेवलं. परवा शेजारणीनं विचारलं, आई कधी येणार गं? तर म्हणाली, "ती मला आजीकडे टाकून गेली." चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले.

टाकी कुठं ठेवायची ते कळव. मला विचारशील तर खाटेखाली.

सासू


१५ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

खाटेखाली नको. खिडकीसमोरच्या भिंतीत जी दगडी फळी आहे ना, तिच्यावर ठेवा. भरल्यावर टाकीचं वजन सत्तर किलो होईल, लाकडी टेबलाला ते झेपणार नाही. आणि थेट ऊन नको, ऊन लागलं की आठवड्यात हिरवं शेवाळ.

का पाठवली विचाराल. इथं मी दिवसभर पाणी तपासते. नदीचं पाणी येतं, त्यात डोळ्याला न दिसणारं काय काय आहे ते मोजते आणि मग ते लोकांच्या नळाला जातं. भिंगरीनं मला एकदा विचारलं होतं, पाण्यात काही दिसत नाही तर तू बघतेस काय? तेव्हा घाईत होते, उत्तर दिलं नाही. त्या टाकीत तिला उत्तर मिळेल.

दुसरी गोष्ट सरळच सांगते. जूनमध्ये मला इथं क्वार्टर मिळायची आहे. मिळाली की भिंगरीला घेऊन जायला येणार. पण जी माझ्याशी फोनवर बोलत नाही तिला हाताला धरून गाडीत कशी बसवू? माझ्याकडे तीन-साडेतीन महिने आहेत. ती माझं पत्र फोडत नाही, पण तुम्हाला आलेलं तुम्ही मोठ्यानं वाचाल तेव्हा ती घरातच असेल. म्हणून टाकीचं सगळं तुम्हाला लिहिणार आहे. एवढं माझ्यासाठी कराल ना?

कृती वेगळ्या कागदावर लिहिली आहे. खाली माती, वर खडी. झाडं वेगळ्या पार्सलनं येतील, ती लावा. पाणी ओतताना खडीवर ताटली ठेवा आणि ताटलीवर हळू ओता. नळाचं पाणी आधी बादलीत दिवसभर उघडं ठेवा, त्यातलं क्लोरीन उडून जातं. मासे अजून आणायचे नाहीत.

तुमची सून


२८ फेब्रुवारी

सूनबाई,

वाचलं मोठ्यानं. चष्मा लावून, बोट धरून. 'क्लोरीन'ला मी अडले तर मोरीतून आवाज आला, "क्लोरीन, आजी." म्हणजे ऐकत होती.

टाकी मांडली. माती आधी धुवायला घेतली होती, तर पोरीनं माझं मनगट धरलं. "माती धुतात का कधी?" मी म्हटलं, मी एकतीस वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात फरशा पुसल्यात, घाण म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. तरी ऐकलं. खडी मात्र सात पाण्यांनी धुतली, ती आता आरशासारखी आहे. ताटलीचं काही मला पटलं नाही. खेळ वाटला. मी बादली सरळ उपडी केली. माती वर आली, खडी खाली गेली, झाडं तरंगायला लागली, सगळ्या टाकीचा चहा झाला.

भिंगरीनं तांब्या घेतला आणि सगळं पाणी उपसलं, माती सारखी केली, झाडं पुन्हा लावली आणि ताटली ठेवून वाटी-वाटीनं पाणी घातलं. तीन तास लागले. मी म्हटलं, सोड आता, हात सुरकुतले. तर म्हणाली, "लिहिलंय तसं करायचं." कुणी लिहिलंय ते म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

आता आठ दिवसांत काय झालंय ते ऐक. पाणी दुधाळ दिसतंय. ती तपकिरी पानांची झाडं होती ना, त्यांच्या पानांचा चिखल झालाय. बोट लावलं की हातात येतो. आणि जाड मुळाचं ते हिरवं झाड मी चांगलं खोल पुरलं होतं, ते काळं पडायला लागलंय. मी सगळं उपटून फेकणार होते, तर तुझ्या लेकीनं फळीसमोर खुर्ची मांडून पहारा बसवलाय. अभ्यासही तिथंच.

खालचे प्रश्न माझे आहेत असं लिहायला सांगितलंय. पाणी पांढरं का? झाडं मेली का? मासे कधी? मेलेल्या पानांचं काय करायचं? आणि पंपात जो काळा स्पंज आहे तो कशाला?

मला स्वतःला विचारायचं असतं तर एकच विचारलं असतं, की हे सगळं कशाला.

सासू


६ मार्च

आई, नमस्कार.

तुमचे प्रश्न फार चांगले आहेत. जी विचारते आहे ती हुशार दिसते.

पाणी पांढरं झालं कारण त्यात जिवाणू वाढतायत. आपोआप निवळेल, पाणी बदलू नका. तपकिरी झाडं मेलेली नाहीत. ती दुसऱ्या पाण्यात वाढलेली होती. नव्या पाण्यात आली की जुनी पानं टाकून देतात, सगळी. मुळं जिवंत असतात. चिखल झालेली पानं तेवढी चिमटीनं काढा, मुळाला हात लावू नका. तीन आठवड्यांत नवी पानं येतील, ती याच पाण्याची असतील. जाड मुळाच्या झाडाचं मूळ पुरायचं नसतं, ते दगडाला दोऱ्यानं बांधायचं. हे मी कृतीत लिहायला विसरले, चूक माझी.

आता स्पंज. मासे पाण्यातच मुततात, उरलेलं खाणं तिथंच कुजतं, त्याचं विष होतं. त्याला अमोनिया म्हणतात. पण ते विष खाणारे जिवाणूही असतात. ते स्पंजात वस्ती करतात. वस्ती नीट बसायला चार-पाच आठवडे जातात आणि तोवर मासे आणायचे नाहीत. रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाका, म्हणजे ते कुजेल आणि जिवाणूंना खायला मिळेल. बाटल्यांमधलं औषध पाण्याच्या नमुन्यात टाकून रंग बघा. हिरवा म्हणजे विष आहे, पिवळा म्हणजे नाही. रोज तारीख घालून वहीत लिहा. मी इथं हेच करते.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही. कधीच. फार गाळ बसला तर टाकीतलंच थोडं पाणी तांब्यात काढून त्यात नुसता एकदा दाबायचा.

तुमची सून


२ एप्रिल

सूनबाई,

जिवाणू मारायला मला एकतीस वर्षं पगार मिळाला. आता ते पाळायला सांगतेस. चालू दे.

रिकाम्या पाण्याला पोरगी महिनाभर रोज खाऊ घालत होती. शेजारीण येऊन बघून गेली, म्हणाली, मासे लाजाळू आहेत वाटतं. भिंगरीनं तिला अमोनिया समजावला. पंधरा मिनिटं. बाईचं दूध उतू गेलं. वहीत रोज रंग लिहिलाय: हिरवा, हिरवा, गडद हिरवा, मग फिका, मग सलग सहा दिवस पिवळा. तुझं ते तपकिरी झाड खरंच फुटलं. बारीक पानं, सुरळी केल्यासारखी. मला वाटलं नव्हतं.

शनिवारी मासे आणले. दुकानदार म्हणाला, दोन फुटी टाकी आहे तर वीस घेऊन जा. भिंगरीनं वही त्याच्यापुढं धरली, म्हणाली, "पहिल्यांदा सहाच." तो म्हणाला, बाळ, मी वीस वर्षं हा धंदा करतोय. ती म्हणाली, "मग तुमच्या टाकीत तीन मेलेले का आहेत?" मी तिकडं तोंड फिरवून हसले. ही जीभ कुणाची ते मला ठाऊक आहे, तू लिहायची गरज नाही.

सहा आहेत. नखाएवढे, नारिंगी. सहाही एका बाजूनं जातात आणि भिंतीला लागले की एकदमच वळतात, कोण कुणाला सांगतं देव जाणे. पोरीनं जेवणाचं ताट तिथं नेलं. काल हसली, आवाज करून. नोव्हेंबरपासून तो आवाज घरात नव्हता.

आणि एक. झोपताना म्हणाली, "तिकडच्या नळाला क्लोरीन जास्त असेल ना, पाणी तिथूनच सुटतं म्हणजे?" मी म्हटलं, मला काय माहीत, तुझ्या आईला विचार. मग तिनं कूस बदलली.

तू खूश होशील म्हणून लिहिलं. पण जूनची घाई करू नकोस. पोर आत्ता कुठं रुळतेय.

सासू


९ एप्रिल

आई, नमस्कार.

'तिकडच्या नळाला' हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तिला सांगा, पाणी सोडणाऱ्या पंपाशेजारी असतं त्यापेक्षा लांबच्या नळाला कमी असतं. आमची क्वार्टर पंपाला चिकटूनच आहे, म्हणून इथं बादली दोन दिवस ठेवावी लागेल.

हो, क्वार्टर मिळाली. खोल्या दोन. मला आता फक्त दिवसपाळी. शाळा चालत दहा मिनिटांवर, नाव घातलंय. सात जूनला मी येते. आई, तिला तुम्ही विचाराल का? मी विचारलं तर ती मोरीत जाऊन बसेल. तुम्ही विचारलंत तर निदान उत्तर देईल.

तुमची सून


२४ एप्रिल

सूनबाई,

चार मासे मेले. मंगळवारी सकाळी दोन, दुपारी शाळेतून येईस्तोवर आणखी दोन. उरलेले दोघं वर येऊन तोंड उघडझाप करत होते. पोरीनं वहीत बघून पाणी काढलं, ठेवणीतलं घातलं, ते दोघं वाचले.

तिचं म्हणणं, सोमवारी तिनं एक चिमूट खाणं जास्त टाकलं, म्हणून झालं. "मी मारले," एवढं म्हणाली आणि वहीत तसं लिहिलं, तारीख घालून. रडली नाही. चौघांना कागदात गुंडाळून झाडाच्या कुंडीत पुरलं आणि हात धुऊन गृहपाठाला बसली. तेव्हापासून खाणं टाकत नाही, मला टाकायला सांगते आणि स्वतः लांब उभी राहते.

जिवंत वस्तू म्हटली की मरणारच. मी वॉर्डात काय कमी पाहिलंय. पण तू काय पाठवलंस ते तूच बघ. अशात तिला नव्या जागी हलवणं बरं नाही असं मला वाटतं. तुझा प्रश्न तिला विचारला नाही. ही विचारायची वेळ नाही. सहामाहीपर्यंत राहू दे इथंच.

सासू


२९ एप्रिल

आई,

हे पत्र मोठ्यानं वाचू नका. मोरीत जाऊन वाचा.

एक चिमूट जास्त खाण्यानं वस्ती बसलेल्या टाकीत चार मासे एका दिवसात मरत नाहीत. वस्ती असती तर तिनं एवढं सहज खाल्लं असतं. मी हेच काम करते, मला हे कळतं. त्या दिवशी रंग कोणता होता ते तुम्ही लिहिलं नाही. भिंगरीनं नक्की बघितला असेल. गडद हिरवा होता ना?

आई, स्पंजाला कुणी हात लावला होता का?

तुमची सून


४ मे

सूनबाई,

मोरीत जाऊन वाचलं. साठी उलटल्यावर सुनेच्या सांगण्यावरून मोरीत बसले, हेही झालं.

लावला होता. रविवारी ती मैत्रिणीकडे गेली होती. मी पंप उघडला तर स्पंजावर तपकिरी बुळबुळीत थर, वास येत होता. माझ्या घरात, ज्या फळीवर मी कधी चहाचा डाग राहू दिला नाही तिथं. तू लिहिलं होतंस धुवू नका म्हणून. वाचलं होतं मी, मोठ्यानं, पोरीसमोर. मला वाटलं, पुस्तकी बाई आहे, घाण कधी हातानं काढली नाही तर काय कळणार. कपड्यांच्या पावडरीत, कढत पाण्यात, तीनदा पिळला. उन्हात वाळवला. पांढराशुभ्र व्हायचाच बाकी होता. परत बसवला आणि फार बरं वाटलं.

रंग गडद हिरवा होता. वहीत आहे.

पोरीला सांगितलं नाही. ती म्हणाली मी मारले, तेव्हा मी तिथंच उभी होते, भांडं पुसत. बोलायला तोंड उघडलं होतं. मग वाटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी ती नीट शाळेत गेली, मग वाटलं आता कशाला उकरायचं. चार मासेच तर होते. लहान आहे, विसरेल.

तू मला शहाणपण शिकवणार आता, ते शिकव.

सासू


८ मे

आई,

शिकवत नाही. पण आज लिहायचं ते लिहिते, मग तुम्हाला राग आला तरी चालेल.

ती विसरणार नाही. तिनं तारीख घालून लिहिलंय.

नोव्हेंबरात मी तिची पिशवी भरली होती. तुम्ही ती रिकामी केलीत. ती शाळेत होती. एकेक कपडा काढून तुम्ही कपाटात परत लावलात आणि म्हणालात, वसतिगृहातल्या एका खाटेवर, पाळ्यांच्या नोकरीत, परक्यांच्या भरवशावर पोर नेणार? आधी जाऊन बस, मग बघू. तुमचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मी ऐकलं. गाडी चारची होती, शाळा पाचला सुटायची. तिला भेटून जाण्यासाठी दुसऱ्या दिवशीची गाडी घेते म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, समोर रडारड नको, मी समजावते. ती घरी आली तेव्हा तिचे कपडे कपाटात होते आणि मी नव्हते. तिनं त्यातून जे समजायचं ते समजलं.

तुम्ही समजावलं नाहीत. आणि मीही सहा महिने बोलले नाही, कारण तिला राहायचं तुमच्यापाशी होतं. तुमच्यावरचा तिचा विश्वास उडाला असता तर ती कुणाच्या कुशीत झोपली असती? ह्यांच्यामागे तिला आपण दोघीच. एकीवर रागावली आहे तेवढं पुरे, असं वाटलं.

पण आता चार माशांचं ओझंही तीच उचलतेय. हे मला पाहवत नाही. माझं राहू दे. माशांचं तरी तिला सांगा.

तुमची सून


१५ मे

सूनबाई,

सांगितलं. दोन्ही सांगितलं. एक सांगायला बसले आणि दुसरं मागोमाग आलं, ते थांबवता आलं नाही.

खेळून आली, तिला खुर्चीवर बसवलं, मी खाली बसले. म्हटलं, स्पंज मी धुतला. पावडरीनं. मासे माझ्या हातानं मेले, तुझ्या चिमटीनं नाही. तिनं वही आणली, ते पान काढलं, 'मी मारले' खोडलं आणि वर लिहिलं 'आजीने स्पंज धुतला'. मग विचारलं, "मग आठवडाभर का नाही बोललीस?" मी म्हटलं, आठवडा नाही, अडीच आठवडे. ती रोज तारीख लिहिते, तिला दिवस कमी करून सांगून चालत नाही.

मग दुसरं. पिशवी तुझ्या आईनं भरली होती, मी रिकामी केली. ती थांबून तुला भेटणार होती, मी जायला लावलं. तू शेजारणीला सांगितलंस टाकून गेली, तेव्हा मला माहीत होतं आणि मी तांदूळ निवडत होते.

"का?" म्हणाली.

सूनबाई, तुला पाळ्यांचं कारण सांगितलं होतं ते खरं होतं. पण ते माझं कारण नव्हतं. मुलगा गेल्यावर या घरात सकाळी कुणाला तरी उठवायचं असतं म्हणून मी उठत होते. हे तिला सांगितलं, याच शब्दांत. तुलाही आज पहिल्यांदाच सांगतेय. दया करू नकोस, मला आवडत नाही.

चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. शेजारच्या खोलीतून पाण्याचे आवाज येतात. टाकीपाशी जायला मला मनाई आहे. वस्ती पुन्हा बसवायला घेतलीय, रोज थोडं पाणी बदलते, त्या दोघांना चिमटीच्या चिमटीएवढं खायला घालते. माझ्या हातचं जेवते मात्र, तेवढी सोय ठेवलीय.

काल हा कागद माझ्या उशाशी ठेवला. तुला पाठवायचाय. मी वाचला नाही. म्हणजे वाचला, एवढा लहान आहे की उचलतानाच वाचून होतो.

सासू


(त्याच पाकिटात, वहीचं फाडलेलं पान)

आई,

आजी म्हणते की तू माझी पिशवी भरली होतीस. आजी आधी पण खोटं बोललीय, म्हणून तपासून बघायचं आहे. तू पिशवीत काय काय भरलं होतंस ते सगळं लिही. आजीला विचारू नकोस. मी तिला त्याच दिवशी वेगळं विचारून लिहून घेतलं आहे.

सध्या रंग फिका हिरवा आहे. दोन मासे आहेत.

भिंगरी


२० मे

भिंगरी,

लिहिते. आठवायला वेळ लागला नाही.

शाळेचे दोन पोशाख. निळा फ्रॉक, त्याचं खालचं बटण तुटलं होतं, ते वाटेत लावायचं म्हणून सुई-दोरा पिशवीच्या कप्प्यात ठेवला होता. पिवळा स्वेटर. तो तुला टोचतो म्हणून आत घालायला पांढरा सुती सदरा. चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. तीन मोजे, म्हणजे दीड जोडी, चौथा सापडत नव्हता. तुझी उशी मावली नाही, म्हणून नुसता अभ्रा काढून घेतला. बाबांचा हातरुमाल, जो तू दप्तरात ठेवायचीस आणि त्या दिवशी विसरली होतीस.

एवढंच होतं. पिशवी लाल, तिची चेन अर्ध्यावर अडकते.

मी तुला भेटून जायला हवं होतं. आजी काहीही म्हणाली असती तरी थांबायला हवं होतं. ते आजीच्या नावावर लिहू नकोस, माझ्या नावावर लिही.

रंग फिका झाला म्हणजे वस्ती बसतेय. घाई करू नकोस.

आई


२७ मे

सूनबाई,

पत्र तिनं स्वतः फोडलं. टाचणीनं, कडेनं, पाकीट न फाटता.

मग माझी यादी काढली. सात गोष्टी मी सांगितल्या होत्या, तू नऊ लिहिल्यास. सुई-दोरा आणि दीड जोडी माझ्या यादीत नव्हती. मला वाटलं आता संपलं, जुळलं नाही म्हणणार. ती कपाटापाशी गेली, लाल पिशवी तळातून ओढली, कप्पा उघडला. सुई तिथंच होती, दोरा ओवलेला, निळा. मी तेव्हा कपडे तेवढे काढले होते, कप्पा बघितला नव्हता. पोर ती सुई हातात धरून किती वेळ बसली. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत राहिले, विसळलेलीच पुन्हा.

मग हाक आली. पंधरा दिवसांतली पहिली. "आजी, हा फ्रॉक आता होत नाही मला."

मी म्हटलं, होणार कसा, सहा महिने झाले.

"मग काय भरू?"

सात जूनला ये. चारची गाडी पकडायची घाई करू नकोस, दोन दिवस राहा. तिनं बरंच काही ठरवलंय, ते तीच तुला सांगेल. टाकी इथंच राहणार. हलवली तर वस्ती पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते म्हणे. रंग लिहायला मला वेगळी वही दिलीय आणि मी खोटा रंग लिहिला तर तिला तिथं बसून कळेल असं बजावलंय. दर रविवारी पत्र पाठवायचं, तिला, तुला नाही.

पिशवीला मी हात लावलेला नाही. ती एकेक कपडा अंगाला लावून बघते, होतो तो आत, आखूड झाला तो बाजूला. आपल्या कपाटाचं दार हात सोडला की आपोआप मिटतं, तुला माहीत आहे. मी ते धरून उभी होते. अजून अर्धंच झालंय, जेवून पुन्हा धरायचंय, म्हणून इथंच थांबते.

सासू